वास कोठून येतो?



या सदरात मी बहुधा नामनिर्देशन, मुदत ठेवी, वारसांचे दाखले अशा विषयांवर लिहितो, आणि माझ्याकडून आपणांस तेच अपेक्षित असते. या वेळचा विषय निराळा आहे. आमच्या घरच्या तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या अंगाला येणाऱ्या दुर्गंधीविषयी लिहावयाचे आहे. हे वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणतो. तथापि गेल्या काही वर्षांत परिचयातील चार घरांत मी हाच प्रश्न पाहिला, आणि चारही घरांनी त्यावर एकच उत्तर शोधून ठेवले होते : "आता म्हातारा झाला." आमच्या घरीही आठ महिने याच उत्तरावर काम चालले. ते उत्तर चुकीचे होते, आणि चूक प्रामुख्याने माझी होती.

आमचे घर बार्शीच्या जुन्या पेठेत आहे. खाली धाकट्या बंधूंचे कापडाचे दुकान, मागे गोदाम, वर आम्ही सर्व : अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, दोन्ही भावांची कुटुंबे, आणि बंटी. बंटी हा पांढरा स्पिट्झ जातीचा कुत्रा. पुतण्या पाचवीत असताना त्याच्या हट्टासाठी आणला. पुतण्या आता बेंगळुरूला नोकरी करतो, कुत्रा आमच्याकडे राहिला. बहुतेक घरांत असेच होते.

वास प्रथम जाणवला तो पावसाळ्यात, त्यामुळे आम्ही तो ओलीचा समजलो. दिवाळीत ओल उरली नव्हती, वास मात्र वाढला होता. मग बंटीची जागा बदलू लागली. दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, तेथून गोदामात. बँकेत एखाद्या नकोशा कर्मचाऱ्याची बदली क्रमाक्रमाने दूरच्या शाखेत व्हावी, तसे ते होते, आणि अशा बदल्या मी पाहिलेल्या आहेत. दरम्यान उपायही चालू होते. आठवड्यातून दोनदा आमच्याच साबणाने आंघोळ, वर टाल्कम पावडर, जिन्यावर फिनेल, कोपऱ्यात कापूर. वास गेला नाही. कातडीला मात्र कोंडा सुटला.

मार्गशीर्षात पुतणीला पाहण्यास लातूरहून मंडळी आली. बंटीला गोदामात कोंडले होते, पण कोणीतरी दार लोटायचे विसरले. तो वर आला आणि सवयीप्रमाणे ज्या पाहुण्या सर्वांत शांत बसल्या होत्या, त्यांच्या मांडीजवळ तोंड नेऊन उभा राहिला. त्या बाईंनी काही न बोलता पदर नाकाला लावला. स्थळ जुळले की नाही हा या लेखाचा विषय नव्हे (जुळले), पण पाहुणे गेल्यावर घरात जी शांतता पसरली, तिचा अर्थ सर्वांना कळला होता. रात्री बंधू म्हणाले, "दादा, तुमच्या ओळखीचे आहेत ना पांजरपोळात कोणी?"

होते. बँकेचे जुने खातेदार, आता विश्वस्त. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन केला. त्यांनी नकार दिला नाही. "आणा साहेब, जागा आहे," म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्याकडे गाई आहेत, बैल आहेत. त्यांना कळपात बरे वाटते. घरात वाढलेल्या कुत्र्याला माणूस लागतो. आलेली अशी दोन कुत्री होती, त्यांनी खाणे सोडले. तुम्हाला सांगून ठेवतो, नंतर रागावू नका."

येथे थोडे विषयांतर करतो. पांजरपोळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाय येते. परंतु मुंबईचा पांजरपोळ निघाला तो कुत्र्यांमुळे. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली मुंबईत दंगल उसळली होती, बाजार बंद पडले होते. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशाह यांच्या पुढाकाराने ती संस्था उभी राहिली. ज्यांना घर नाही अशा जिवांसाठी ती सोय होती. मी मात्र घर असलेल्या कुत्र्यासाठी तेथे जागा मागत होतो. पांजरपोळाची वाटही न धरता गावाबाहेर रस्त्यावर कुत्रे सोडून येणारे लोक आहेत. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. या रकमेमुळे कोणाचा हात अडला असेल, असे मला वाटत नाही.

असो. निर्णय आईला सांगणे माझ्याकडे आले. ती झोपाळ्यावर बसली होती आणि बंटी तिच्या पायाशी होता. गोदामातून सुटका झाली की तो तिच्याकडेच जाई, कारण घरात त्याला हाकलत नसे अशी ती एकटीच. मी म्हणालो, "आई, बंटीला चांगल्या ठिकाणी ठेवतो आहोत."

"का?"

"फार वास येतो त्याला."

"मला तर कसलाच येत नाही," ती म्हणाली. हे खरे होते. तिचे नाक दोन-तीन वर्षांपूर्वीच मंदावले आहे. हिंगाचा डबा उघडा राहिला तरी तिला कळत नाही. "पण अरे, तो उजव्या बाजूने चावत नाही. चपातीचा तुकडा तोंडातून खाली पाडतो, मग मान वाकडी करून डावीकडून उचलतो. माझी दाढ किडली होती तेव्हा मी तसेच जेवत होते."

"केव्हापासून?"

"पावसाळ्यापासून. कोणी विचारले नाही, मग मी कशाला सांगू?"

बँकेत मी अडतीस वर्षे काढली, त्यांतील अकरा तपासणी विभागात. शाखेच्या हिशेबात फरक निघाला आणि तो कशाचा हे कळेना, की ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. आपल्या पेढीवरच्या भाषेत उचंत खाते. ते खाते वाईट नाही, पण त्यात रक्कम पडून राहिली की तपासनीसाला शंका आली पाहिजे. तेथे टाकलेली प्रत्येक नोंद कोणत्यातरी खऱ्या खात्याची असते. ते खाते शोधण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, इतकेच. हे मी शेकडो शाखा व्यवस्थापकांना सुनावले आहे. आणि घरी आठ महिने मी बंटीचा वास 'म्हातारपण' नावाच्या उचंत खात्यात टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सोलापूरला पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी प्रथम वास घेतला. अगदी शांतपणे, क्रमाने : तोंड, दोन्ही कान, पंजांच्या बोटांमधली जागा, पाठ, शेपटीखाली. मी इतक्या महिन्यांत हे एकदाही केले नव्हते. मी वासापासून दूर गेलो होतो, त्या वासाकडे गेल्या. मग त्यांनी बंटीचा उजवा वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि म्हणाल्या, "काका, इकडे पाहा."

वरच्या जबड्यातील मोठी दाढ दिसतच नव्हती. तिच्यावर तपकिरी, दगडासारखे किटण चढले होते. हिरडी लालभडक होऊन मागे सरकली होती आणि दाढेच्या मुळाशी पू होता. डोळ्याखाली थोडी सूज होती, ती दाट केसांमुळे आम्हाला दिसली नव्हती. या दाढेची मुळे डोळ्याखालीच असतात, त्यामुळे मुळाशी गळू झाले की सूज तेथे येते आणि पुष्कळांना तो डोळ्याचा आजार वाटतो.

कुत्र्याला बेचाळीस दात असतात. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा मऊ थर बसतो. तो निघाला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतील क्षारांमुळे कडक होऊ लागतो. त्या किटणाखाली, हिरडीच्या आत, हवा न पोचणाऱ्या जागी जे जंतू वाढतात ते गंधकयुक्त वायू सोडतात. कुजलेल्या अंड्यासारखा जो वास म्हणतात तो हाच. लहान चणीच्या जातींत, म्हणजे स्पिट्झ, पॉमेरेनियन, पग यांत, छोट्या जबड्यात दातांची दाटी असल्यामुळे हा रोग अधिक होतो. आमच्या बंटीचे जन्मभराचे जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली चपाती. तो लगदा दातांना चिकटून राहतो. तेरा वर्षांत त्याचे दात आम्ही एकदाही घासले नव्हते.

पण तोंडाचा वास साऱ्या अंगाला कसा? त्याचे उत्तर साधे आहे. कुत्रा स्वतःला चाटतो. पुवाची लाळ पंजांना, छातीला, अंथरुणाला लागते. आम्ही आंघोळ घालत होतो आणि तो तासाभरात पुन्हा तेच अंगभर पसरवीत होता.

प्रत्येक घरातील वास तोंडाचाच असेल असे नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी ज्या क्रमाने तपासले त्याविषयी थोडे सांगतो. कानाचा वास आंबलेल्या पिठासारखा असतो. कानात एक प्रकारची बुरशी वाढते, विशेषतः लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल यांच्या लोंबत्या कानांत, जेथे वारा जात नाही. कुत्रा मान एका बाजूला झटकतो, कान खाजवतो, आत तपकिरी मळ दिसतो. आपल्याकडे अशा वेळी कोमट तेल कानात सोडण्याची पद्धत आहे. ती कृपया टाळावी. कानाचा पडदा फाटलेला असला तर तेल आत उतरते. शिवाय तेलकट ओलसर जागा बुरशीला हवीच असते. तीच बुरशी कातडीच्या घड्यांत आणि बोटांच्या मधे वाढली की अंगाला कुबट, तेलकट वास येतो. कातडी वारंवार अशी होत असेल, केस विरळ होत असतील आणि कुत्रा खाल्ल्यावाचून जाड होत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घेतात.

शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतील द्राव मळाबरोबर थोडा थोडा बाहेर पडणे हा निसर्गक्रम आहे. वय वाढले, मळ सैल झाला, की त्या पुरत्या रिकाम्या होत नाहीत. मग जो वास येतो तो मासळीबाजाराचा. आपल्यापैकी ज्यांनी तो रस्ता कायम टाळला आहे, त्यांनाही तो लगेच ओळखू येईल. कुत्रा बूड जमिनीला घासत पुढे सरकतो, मुले हसतात, घरचे जंत झाले म्हणतात. पिशवी तुंबून पिकली तर फुटते आणि फार वेदना होतात. ती पशुवैद्याकडूनच रिकामी करून घ्यावी, घरी दाबू नये.

दोन वास असे आहेत, की ते आले तर उद्यावर ढकलू नये. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा गोड वास येत असेल आणि कुत्रा मलूल होऊन उलट्या करीत असेल, तर मधुमेह विकोपाला गेलेला असू शकतो. दुसरा, शस्त्रक्रिया न केलेल्या मादीच्या बाबतीत. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी तिच्या अंगाला दुर्गंधी येऊ लागली, ती पाणी खूप पिऊ लागली, खाणे कमी झाले, मागून स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. स्राव दरवेळी दिसतोच असे नाही. यात काही तासांचाही फरक पडतो. आपल्या घरांत माद्यांची शस्त्रक्रिया करण्याचा संकोच असतो, त्यामागची भावना मी समजतो. ज्यांचा तो निर्णय असेल त्यांनी निदान ही लक्षणे पाठ ठेवावीत.

एक विषय आपल्या घरांत विशेष अवघड होतो, तोही सांगून टाकतो. पावसाळ्यात म्हाताऱ्या, केसाळ कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी किंवा कानामागे जखम झाली, ओल राहिली, तर माश्या तेथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. वास असह्य असतो. परिचयातील एका घरी अळ्या मरतील म्हणून तीन दिवस औषध लावले नव्हते, आणि त्या तीन दिवसांत कुत्र्याचा कान आतून पोखरला गेला. माझे मत असे, की विचार करण्याची वेळ त्या आधीची आहे. पावसाळा लागण्यापूर्वी शेपटीखालचे आणि कानामागचे केस कापले, कुत्रे कोरडे ठेवले, रोज हात फिरवून जखम पाहिली, तर माशी बसत नाही आणि कोणत्याही जिवाचा प्रश्न उभा राहत नाही. ते केले नसेल तर मग डॉक्टरांना त्यांचे काम करू द्यावे.

आता पुन्हा बंटीकडे येतो. दाढ काढावी लागणार, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. बंधू म्हणाले, "या वयात?" त्या म्हणाल्या, "वय हा आजार नाही. आजार काय आहेत ते आधी पाहू, मग ठरवू." भूल न देता वरवरचे किटण खरवडून देणारे लोक असतात. त्याने दात पांढरे दिसतात, पण रोग हिरडीखाली असतो, आणि जागा कुत्रा तेथे हात लावू देत नाही. त्यांनी रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे करविला. संमतिपत्र मी कर्जाच्या दस्तऐवजासारखे ओळ न ओळ वाचले. धोका त्यात लिहिला होता आणि त्यांनी तो तोंडीही सांगितला.

अहवालात मूत्रपिंडे अशक्त झाल्याचे निघाले. क्रिएटिनिन थोडे वाढले होते आणि लघवी पाण्यासारखी पातळ होती. हे क्रिएटिनिन साधारण तीन-चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच वाढते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे 'थोडे वाढले' या शब्दांत थोडे असे काही नव्हते. डॉक्टरबाईंनी विचारले, "पाणी किती पितो?"

मी म्हणालो, "रात्री आम्ही भांडे उचलून ठेवतो."

"का?"

कारण तो रात्री जिन्यावर लघवी करीत असे. त्याचाही वास येई. आम्ही वासाचा बंदोबस्त केला होता : संध्याकाळी सात वाजता पाण्याचे भांडे उचलायचे, ते सकाळी सहाला ठेवायचे. अकरा तास. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले, की मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून ती जास्त होते, आणि जेवढी जाते तेवढे पाणी भरून काढण्यासाठी तो पितो. पाणी तोडले तरी लघवी थांबत नाही, शरीर सुकते, आणि आजारी मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. "रात्री तहानेने तो काय करत असेल, काका?" त्यांनी विचारले. मला ठाऊक होते. सकाळी भांडे ठेवले की तो थांबतच नसे, आणि आम्ही त्याला अधाशी म्हणत असू.

निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो. शंभराच्या वर गेले तर तपासणी करावी. बंटीचे वजन नऊ किलो. पुढचे तीन दिवस भांडे अहोरात्र भरलेले ठेवून, मोजपात्राने ओतून आणि उरलेले वजा करून मी वही ठेवली. सरासरी ११५० मिलिलिटर आली. ज्यांच्या घरी वयस्क कुत्रे आहे, त्यांनी ही तीन दिवसांची वही अवश्य ठेवून पाहावी. खर्च शून्य.

आठवडाभर प्रतिजैविके आणि सलाईन देऊन मग शस्त्रक्रिया झाली. एकूण सात दात काढले, बाकीचे यंत्राने साफ केले. भूल उतरेपर्यंतचे दोन तास मी दवाखान्याच्या बाकावर काढले. सौ. घरी णमोकार म्हणत होती, असे नंतर कळले. तीच सौ., जिने जिन्यावर सर्वांत जास्त फिनेल ओतले होते. सर्व मिळून खर्च अठरा हजार सहाशे रुपये झाला. बंधूंनी आकडा ऐकून एकच वाक्य उच्चारले : "कापूर आणि सेंटवर किती गेले होते?" मी हिशेब केला नाही.

दहाव्या दिवशी टाके पाहून आलो तेव्हा गाडीच्या काचा बंद होत्या, हे बार्शी जवळ आल्यावर ध्यानात आले.

वास पूर्णपणे गेला का? नाही. श्वासाला अमोनियाची किंचित छटा उरली आहे. ती मूत्रपिंडांची, आणि ती राहणार. आहार बदलला. अशा रोग्यांसाठीचे तयार खाद्य बहुधा मांसयुक्त असते. आमची अडचण सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी वजन आणि रक्ताचे अहवाल पाहून भात, मोजकी मूगडाळ, दुधी आणि थोडे तूप असा बिनमिठाचा आहार आणि त्याबरोबर देण्याची औषधे ठरवून दिली. दूध-पनीर कमी केले, कारण त्यांतील फॉस्फरस अशा मूत्रपिंडांना झेपत नाही. हे प्रमाण बंटीचे आहे, दुसऱ्या कुत्र्याला तसेच देऊ नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. ते आमच्या स्वयंपाकघरात नसतातच, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही. मात्र द्राक्षे आणि बेदाणे यांविषयी त्यांनी विचारले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होतात. पर्युषणाच्या पारण्याला मुले सुका मेवा खात असताना बंटीला वाटा मिळत आला होता. सुक्या मेव्याचा डबा आता वरच्या फळीवर आहे.

स्वच्छतेची पद्धतही बदलली. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्यामानाने कमी, म्हणून आपला साबण त्याला सोसत नाही. आता तीन आठवड्यांतून एकदा, त्याच्यासाठीच्या शाम्पूने आंघोळ. नंतर पंख्याखाली बसवून केस मुळापर्यंत कोरडे करणे आंघोळीपेक्षा महत्त्वाचे. स्पिट्झला केसांचे दोन थर असतात. आतला थर ओला राहिला तर गोदामात भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो, हे बंधूंनी बरोबर ओळखले. फिनेल बंद केले. ते वासावर वास चढवते आणि कुत्र्याच्या पंजाला लागून चाटण्यातून पोटात जाते. लघवीच्या जागेसाठी एन्झाइमचे द्रावण मिळते, ते वासाचे मूळच तोडते. अंथरुणाच्या दोन खोळी केल्या, एक अंगावर, एक उन्हात. दात रोज घासतो. आपली पेस्ट मुळीच वापरायची नाही. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते, ती कुत्र्याला विषारी आहे. त्यांच्यासाठीची पेस्ट मिळते. पहिला आठवडा बोटाला कापड गुंडाळून फक्त ओठ उचलण्याची सवय केली. आमच्या घरी चौविहार असल्याने त्याचेही जेवण सूर्यास्तापूर्वी होते, त्यामुळे दात घासण्याची वेळ आपोआप ठरली.

पांजरपोळाच्या विश्वस्तांना मी फोन करून कळवले. त्यांनी काही विचारले नाही, "बरे झाले" म्हणाले. मी एका गाईच्या वर्षभराच्या चाऱ्याची पावती फाडली.

पुढील रक्ततपासणी चैत्रात आहे. किती दिवस मिळतील ते डॉक्टरबाई सांगत नाहीत, आणि मी विचारणे सोडले आहे. बंटी पुन्हा दिवाणखान्यात झोपतो, आईच्या खाटेजवळ. पाण्याचे भांडे तेथेच, रात्रभर भरलेले असते. दोनच्या सुमारास त्याच्या पिण्याचा लपलप आवाज येतो. आई त्या वेळी बहुधा जागीच असते. स्वतः तिने सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. तो आवाज थांबेपर्यंत ती ऐकते, "प्याला," असे पुटपुटते, आणि कूस बदलते.